आईच्या हातचं सूप

"तुमचं लिव्हर आम्हाला घेता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि बेकरीवाल्याला हायसं वाटलं.

ते इतकं खोलवरून आलं, की त्याने घाईघाईने मान खाली घातली. शेजारच्या खुर्चीत भावोजी बसले होते. त्यांना आपला चेहरा दिसू नये, एवढंच त्या क्षणी त्याला सुचलं.

"चरबी चढलीय त्यावर." बाईंनी पडद्यावरचं चित्र त्यांच्याकडे वळवलं. "अशा लिव्हरचा तुकडा काढला तर यांच्याही जिवाला धोका, आणि ताईंच्या पोटात तो धड कामही करणार नाही."

"म्हणजे संपलंच का?" भावोजींनी विचारलं. ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि बोलतानाही प्रत्येक अक्षर तपासून टाकल्यासारखं बोलायचे. आज मात्र शब्द नुसते सांडले.

"संपलं कशाला? ही चरबी उतरते. मनावर घेतलं तर दोन-तीन महिन्यांत उतरते. गोड बंद, तळलेलं बंद, लोणी तर नावालाही नको. यांच्या गुडघ्यांना पळणं झेपणार नाही, तेव्हा रोज सायकल. मग पुन्हा तपासू." त्या बेकरीवाल्याकडे वळल्या. "तुम्ही काय करता?"

"बेकरी आहे माझी."

या उत्तरावर लोक नेहमी हसत. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना भावोजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उतरते म्हणाल्या," ते दोनदा म्हणाले. बेकरीवाल्याने मान हलवली. मघाचं हायसं वाटणं केव्हाच ओसरलं होतं. जुनी भीती परत येऊन बसली होती, आणि तिच्या शेजारी एक नवीही येऊन बसली होती. सख्ख्या बहिणीचा जीव वाचवता येणार नाही असं ऐकल्यावर ज्याला बरं वाटतं, तो माणूस कसला असतो? आणि तो माणूस या अंगात इतकी वर्षं राहत होता, हे आपल्याला ठाऊक कसं नव्हतं?

ताईचं दुखणं दीड वर्षापूर्वी अंगाच्या खाजेपासून सुरू झालं. मग डोळे पिवळे झाले, पाय सुजले, पोटात पाणी साठायला लागलं. जिने उभ्या आयुष्यात औषधाखेरीज कडू काही घेतलं नाही, तिचंच शरीर तिचं लिव्हर कुरतडत होतं. औषधं थकली. आता दुसऱ्याच्या लिव्हरचा तुकडा बसवणं एवढाच उपाय. भावोजींचा रक्तगट जुळत नव्हता, ताईला मूलबाळ नव्हतं, आईचं वय उलटून गेलेलं. मेलेल्या माणसाचं लिव्हर मिळण्यासाठी नाव नोंदवलं होतं, पण त्या रांगेत ताईच्या पुढे कितीतरी जण होते. उरला तो एकटा.

आणि त्याला ऑपरेशनची भीती होती. साधीसुधी नव्हे. त्याचे वडील हर्नियाच्या ऑपरेशनला स्वतःच्या पायांनी चालत गेले होते. दोन दिवसांत येतो म्हणाले, जाताना दाराला तेल घालायचं लक्षात ठेवा म्हणाले. त्यांना दिलेली भूल उतरलीच नाही. तेव्हा तो शाळेत शिकत होता. घरी निरोप आला तेव्हा ताईने त्याला पोटाशी धरलं आणि कान झाकले, जसं काही ऐकलं नाही तर झालं नसतं. त्यानंतर ताई शिकता शिकता चित्रकलेच्या शिकवण्या घेऊ लागली आणि पुढे शाळेत चित्रकलेची बाई झाली. गल्लीत त्याला कोणी ढब्बू म्हटलं तर ती मारायला धावायची, आणि घरात स्वतः ढब्बूच म्हणायची.

भावोजींनी आपली जुनी सायकल त्याला दिली. साखळीला तेल घातलं, नवे ब्रेक बसवले, सीट रुंद पाहून आणली. पहिल्या दिवशी तो चढला तेव्हा सायकल अशी काही कण्हली, की बेकरीतला भट्टीवाला म्हणाला, "शेठ, तिला आधी विचारलंत का?"

बेकरीचं काम पहाटेचं. सकाळचे पाव निघून गेले, बिस्किटांचे ट्रे गार व्हायला लागले की दुपारनंतर तो मोकळा असे. तेव्हा तो सायकल काढी. वस्तीतून मोठ्या रस्त्याला, तिथून गोदामांच्या बाजूने, आणि शेवटी पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ. पहिला आठवडाभर चढाच्या पायथ्याशीच छातीत असे ठोके पडायचे, की तो उतरून सायकलला धरून उभा राही. मागून मालट्रक गेला की हँडल थरथरे. आपण इथेच रस्त्यावर मेलो तर, या विचाराने त्याच्या काळजाचं पाणी होई. ताईला काही मिळणार नाही आणि बायकोपोरीलाही नाही. दोन्हीकडून बुडीत.

भावोजी रोज छापखान्यातून परस्पर येत. सोबत हातपंप. बेकरीच्या बाजूला सायकल भिंतीला टेकवलेली असे. ते विजार गुडघ्यापर्यंत वर घेऊन खाली बसत, चाक अंगठ्याने दाबून पाहत आणि गरज असो नसो, हवा भरत. फुस्, फुस्, फुस्. मग हात पुसून विचारत, "आज कुठवर?"

"टाकीच्या अलीकडे."

"छान," म्हणत आणि निघून जात. त्यांना दुसरं काही देता येत नव्हतं, म्हणून ते हवा देत होते. हे बेकरीवाल्याला कळत होतं, आणि म्हणूनच तो आवाज कानावर आला की तो भट्टीमागे जाऊन उभा राही.

घरात स्वयंपाक आजवर बायको करायची. पण आता दुपारपासून गल्ल्यावर तिलाच बसावं लागे, म्हणून आईने पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं. "सूनबाई, तू दुकान बघ. त्याचं जेवण माझ्याकडे." आईने दवाखान्यातला कागद भिंतीला चिकटवला. उकडलेल्या भाज्या, अंड्याचा पांढरा भाग, फळं, आणि संध्याकाळी सायकलवरून आल्यावर मोठा वाडगा भरून सूप. साखर नाही, पाव नाही. स्वतःच्या हाताने भाजलेल्या पावाचा वास घेत तो काकडी चघळायचा. गिऱ्हाइकं म्हणत, "सोनाराने आपलेच कान टोचायला घेतलेत वाटतं."

वजन उतरू लागलं. बेकरीत मैद्याची पोती तोलायचा मोठा काटा होता, त्यावर तो रोज उभा राही. भट्टीवाला वजनं ठेवी आणि सांगे, "शेठ, पाव पोतं गळालं." लोक कौतुक करत. दुकानासमोरचा चष्मेवाला तर रस्ता ओलांडून आला. "काय तरतरीत दिसताय. आम्हालाही सांगा की गुपित."

गुपित हे होतं, की प्रत्येक किलोगणिक त्याची धडकी वाढत होती. इतर माणसं बारीक होतात ती जगण्यासाठी. आपण कापून घेण्यासाठी होतोय, असं त्याला वाटे. टाकीचा चढ जेमतेम पार झाला त्या दिवशी वर पोचून तो आनंदाने ओरडलाच असता. तेवढ्यात मनात आलं, आता ऑपरेशनचं टेबल आणखी जवळ आलं. उतारावर त्याने दोन्ही ब्रेक आवळले, तो उतरला आणि सगळी वाट सायकल हातात धरून चालत खाली आणली.

बायकोने एकदा दुकान बंद करताना विचारलं, "अहो, भीती वाटते का?"

"उतारावर वाटते."

"सायकलचं नाही विचारलं मी."

त्याने बिस्किटांच्या बरण्यांची झाकणं घट्ट करायला घेतली.

"मला वाटते," ती म्हणाली. "मी जा म्हणणार नाही आणि जाऊ नका असंही म्हणणार नाही. जा म्हटलं आणि काही झालं, तर पोरीला मी काय तोंड दाखवू? जाऊ नका म्हटलं आणि ताई गेल्या, तर तुम्ही आयुष्यभर माझ्याकडे कसं बघाल ते मला दिसतंय. तेव्हा मला विचारू नका. एवढं एक माझ्यावर टाकू नका."

"नाही विचारत," तो म्हणाला. खरं तर तो त्याच संध्याकाळी विचारणार होता.

गाल उतरले, हनुवटी दिसायला लागली, तसं लोक आणखी एक बोलू लागले. "अगदी वडिलांवर गेलात हो. इतकी वर्षं कळलंच नव्हतं." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तो आरशापुढे जाऊन उभा राहिला. भिंतीवरच्या फोटोतला माणूस आरशातून त्याच्याकडे बघत होता. तेच कपाळ, तेच जरा आत गेलेले डोळे. वडील गेले तेव्हा जेवढे होते, जवळपास तेवढाच तो आता झाला होता. त्याने दिवा मालवला. आई हल्ली वाढताना त्याच्या ताटाकडे बघून बोलायची, तोंडाकडे बघून नाही. हेही त्याच्या लक्षात आलं होतं.

आणि मग काटा थांबला.

एक आठवडा झाला, दोन झाले. तो रोज टाकीपर्यंत जाई, घामाने निथळत परत येई, काकडी चघळी, सूप पिई. काटा जागचा हलेना. भट्टीवाल्याने वजनं उलटसुलट करून पाहिली. "काटा बिघडला असेल," तो म्हणाला. काटा बिघडला नव्हता. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी सगळं खोदून खोदून विचारलं.

"चोरून काही खाता का? रागावणार नाही मी."

"नाही."

"बेकरीतलं चाखून बघता?"

"चाखायचं काम भट्टीवाल्याकडे दिलंय."

"काहीतरी चुकतंय," बाई म्हणाल्या. "असं व्हायला नको."

भावोजी तिथेच होते. परतताना ते म्हणाले, "शरीर आहे. कधी कधी अडतं." त्या दिवशी त्यांनी चाकात इतकी हवा भरली, की सायकल दगडावरून चेंडूसारखी उडू लागली.

ताईच्या घरी रोज सकाळी एक गोष्ट ठरलेली होती. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की लिव्हर साफ करू शकत नाही ते विष मेंदूकडे चढायला लागलं तर आधी हातातून कळतं. म्हणून रोज तिच्याकडून एक साधी चांदणी काढून घ्यायची. ताई हसायची. "चित्रकलेच्या बाईला चांदणी? लहान मुलांच्या वर्गात घातलंत मला." आणि एका दमात पेन्सिल न उचलता पाच टोकांची रेखीव चांदणी काढून द्यायची.

एके दिवशी दुपारी बेकरीवाला टाकीकडे न जाता सायकल घेऊन तिच्याकडे गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. भावोजी औषधाच्या दुकानात गेले होते. ताई खिडकीशी बसली होती, मांडीवर पाटी आणि कागद. कागदावर सकाळच्या चांदणीखाली नुसत्या रेषा होत्या. एकमेकींना न भेटणाऱ्या, कुठेतरी निघून गेलेल्या रेषा. ती पेन्सिल पुन्हा पुन्हा टेकवत होती.

"ताई," त्याने हाक मारली.

तिने वर पाहिलं. डोळे हळदीसारखे पिवळे. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू ओळख उगवली, पण ती त्याची ओळख नव्हती.

"बाबा," ती म्हणाली. "किती उशीर. दोन दिवसांत येतो म्हणाला होतात."

तो तिच्याजवळ जाऊन बसला.

"मी दाराला तेल घातलंय," ती शहाण्या मुलीसारखी म्हणाली. "ढब्बूला काही सांगितलं नाही. तो फार घाबरतो."

भावोजी आले ते याच वेळी. त्यांनी कागद पाहिला, हातातली पिशवी तिथेच सोडली आणि दवाखान्याला फोन लावला. गाडी येईपर्यंत ताईने बेकरीवाल्याचं बोट घट्ट धरून ठेवलं होतं. गाडीत चढवताना ते सोडवावं लागलं.

तिला आतल्या खोलीत नेलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "या वेळी उतरेल हे. दोन दिवसांत माणसांत येतील. पण पुढच्या वेळचं सांगत नाही." मग त्याच्याकडे पाहून फक्त एवढंच म्हणाल्या, "फार वेळ नाही आता."

तो घरी आला तेव्हा आई स्वयंपाकघरात उभी होती. ताईचं फोनवरून कळलं होतं. तिचे डोळे सुजलेले होते, पण शेगडीवर सूप उकळत होतं. तिने वाडगा पुढे केला.

"आई," तो म्हणाला, "आजपासून त्यात लोणी घालू नकोस."

आईच्या हातातला डाव पातेल्याच्या काठाला लागून वाजला.

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी कशाला सांगायला हवं? अर्धं आयुष्य लोण्यात हात घालून काढलंय मी. बेकरीतल्याच खोक्यातलं आहे. पहिल्याच घोटाला कळलं."

"पहिल्या?"

"पहिल्या."

आई स्टुलावर बसली. तिने आयुष्यात कोणाला लोणी लावलं नव्हतं. सडेतोड म्हणून अख्ख्या वस्तीत तिचा दरारा होता. आता तिला नजर कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

"मग बोलला का नाहीस?"

याचं उत्तर तो तीन आठवडे स्वतःपासून लपवत होता. दुपारी ताईने धरलेलं बोट अजून दुखत होतं. "बरं वाटलं म्हणून," तो म्हणाला. "तू घालतेस, मी पितो. काटा हलत नाही. दोष कोणाचाच नाही. मी सायकल चालवतोय, सगळं जग बघतंय. नाही उतरत वजन, त्याला मी काय करू? असं म्हणता आलं असतं."

पातेल्यातलं सूप रटरटत होतं. त्याने शेगडी बंद केली.

"ती माझीच मुलगी आहे रे," आई म्हणाली. "माझी पहिली. तिच्या मरणावर मी टपलेय असं वाटलं का तुला?"

"नाही."

"रोज ठरवायचे, आज नाही घालायचं. शपथ घालायचे स्वतःला. मग तू सायकल लावून या दारातून आत यायचास. ते तोंड. अगदी यांचं तोंड." तिने पदर ओठांवर दाबला. "यांना मीच म्हटलं होतं, करून टाका ऑपरेशन, किती दिवस दुखणं अंगावर काढणार. आता दोन्ही पोरं एकाच दिवशी आत जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. एक तरी उरू दे म्हटलं. कोण, ते मी ठरवलं नाही. देवाशपथ ठरवलं नाही. हात गेला."

तो तिच्यापुढे खाली बसला. आईला हात लावायची त्याला सवय नव्हती. त्याने तिच्या स्टुलाचा पाय धरला.

"ती आज मला बाबा म्हणाली," तो म्हणाला.

आईने डोळे मिटले. ते तसेच ठेवून म्हणाली, "हे तिला कधी कळता कामा नये."

"नाही कळणार. एकट्या तुझं नाहीच ते. दोघांनी मिळून केलंय."

आईने पातेलं उचललं आणि मोरीत उपडं केलं. मग गाजर आणि पालक काढून पुन्हा चिरायला बसली. नवीन सूप पाण्यासारखं होतं. तिने दोन वाडगे भरले आणि एक स्वतःपुढे ठेवला. त्या दिवसापासून तो जे खाई तेच ती खाऊ लागली, जणू तिलाही कुठे तपासणीला उभं राहायचं होतं.

त्यानंतर तो सायकल चालवायला लागला ती वेगळीच. भीती कमी झाली नव्हती. उलट आता लपायला जागाच नव्हती. तो सकाळीही जाऊ लागला आणि दुपारनंतरही. टाकीचा चढ पहिल्यांदा न थांबता चढला, तेव्हा वर पोचून त्याला उलटी झाली. तोंड धुऊन त्याने खाली बघितलं. गोदामांची पत्र्याची छपरं, त्यापलीकडे दवाखान्याची उंच इमारत. तिथे पाचव्या मजल्यावर ताई होती. तो परत खाली गेला आणि पुन्हा वर आला. मधूनच वाटे, पडलो, हात मोडला, तर चार-सहा आठवडे सुटका. वळणावर खडी दिसली की हा विचार हमखास येई. मग तो उतरून तेवढं वळण चालत जाई, कारण स्वतःच्या हातांवर त्याचा भरवसा उरला नव्हता.

भावोजींना एवढंच दिसलं, की काटा पुन्हा हलू लागला. "अडलं होतं, सुटलं," ते म्हणाले आणि हवा भरू लागले. या वेळी तो भट्टीमागे गेला नाही. शेजारी बसून त्याने चाक धरलं.

पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी त्याला एकट्याला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"लिव्हर स्वच्छ झालंय," त्या म्हणाल्या. "मेहनत दिसते. आता नीट ऐका. या खोलीत तुम्ही आणि मी, तिसरं कोणी नाही. धोका कमी आहे, पण नाहीच असं मी म्हणणार नाही. तुम्हाला नको असेल तर आत्ताही सांगा. घरच्यांना आम्ही एवढंच कळवू, की तपासणीत बसत नाही. का, ते सांगत नाही. कोणाला कधीच कळणार नाही."

सुटकेचं दार कोणी आपल्यापुढे असं सताड उघडेल, हे त्याला वाटलं नव्हतं. भिंतीपलीकडे भावोजी खोकले.

"मला भीती वाटते," तो म्हणाला.

"सगळ्यांनाच वाटते."

"नाही, तसं नाही. मला फारच वाटते. सकाळी उठलो की आधी तीच उठते." त्याने खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही जवळची तारीख द्या. लांबची दिलीत तर माझा भरवसा नाही."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "हे 'हो' समजू?"

"हो."

तारीख आली. बायकोने त्या सकाळी काहीच विचारलं नाही. त्याच्या अंगावरचं घड्याळ, अंगठी, गळ्यातली साखळी एकेक करून काढून घेतली आणि पर्समध्ये न ठेवता मुठीत धरून बसली. मुलगी शाळेत गेली होती. आपण तिला 'येतो' म्हणालो का 'जातो', हे त्याला आठवेना, आणि ते आठवेना म्हणून तो इतका कासावीस झाला, की परिचारिकेने दोनदा रक्तदाब मोजला.

ऑपरेशनच्या मजल्यावरच्या लांब पॅसेजमध्ये चाकांच्या दोन खाटा शेजारी आल्या. ताई चादरीत एवढीशी दिसत होती. शुद्धीत होती. तिने मान वळवून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ढब्बू म्हणायची सोयच ठेवली नाहीस रे."

"होईन परत."

"घाबरलायस?"

"हो."

"मीही," ती म्हणाली. तिने हात बाहेर काढला, पण खाटांमध्ये अंतर होतं आणि चाकं हलायला लागली. आधी त्याला आत नेलं.

वरचा दिवा फार पांढरा होता. कोणीतरी आकडे मोजायला सांगितलं. वडिलांनाही असंच सांगितलं असेल, असं त्याच्या मनात आलं, आणि ओरडून थांबा म्हणावं म्हणून त्याने तोंड उघडलं. तोंड उघडलेलंच राहिलं असावं.

तो जागा झाला तो घशातल्या आगीने. मग पोटातलं दुखणं आलं, आडवं, वजनदार, श्वासागणिक वाढणारं. दुखतंय म्हणजे आहे, एवढं त्याला कळलं, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायला हात उचलेना.

"ताई?" त्याने विचारलं. आवाज फुटला नाही, पण परिचारिकेला ओठांवरून कळलं.

"अजून आत आहेत," ती म्हणाली.

त्या 'अजून'वर त्याचा पुढचा सगळा वेळ टांगून राहिला. तो झोपे, जागा होई, विचारी. आत आहेत. मग बाहेर आणलंय. मग दुसऱ्या दिवशी कळलं, की एका रक्तवाहिनीत गुठळी झाली म्हणून पुन्हा आत नेलंय. त्याच्या अंगात आता देण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि हे त्याला सगळ्यात भयंकर वाटलं. इतके दिवस भीती होती ती निदान काहीतरी करण्याची होती. आता नुसतं पडून राहायचं होतं.

तिसऱ्या दिवशी भेटायला सोडू लागले. एका वेळी एकच माणूस, हिरवा झगा घालून. दोघांच्या खोल्या समोरासमोर होत्या, मध्ये काचा. आई बाहेरच्या दारातून आली. तो उशीवर मान वळवून बघत होता. ती पॅसेजच्या मधोमध उभी राहिली, झगा पायाशी लोळत होता. परिचारिका तिला काहीतरी विचारत होती. कोणाकडे जाणार, हेच विचारत असावी. आईने त्याच्या काचेकडे पाहिलं. तिला तो दिसला. मग ती वळली आणि ताईच्या खोलीत गेली.

ती बराच वेळ आत होती. तो दाराकडे बघत राहिला. दुखणं होतं, भीती होती, पण छातीत कुठेतरी एक जागा रिकामी आणि गार झाली होती.

मग आई त्याच्याकडे आली. खाटेशी उभी राहून तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा, सरळ.

"तिने डोळे उघडले," ती म्हणाली. "गुठळी काढली म्हणाले. अजून काही सांगता येत नाही म्हणाले. पण डोळ्यांचा पिवळेपणा मला कमी वाटला. मला वाटलं म्हणून असेल."

"असेल कमी."

"आधी तिच्याकडे गेले. राग नाही ना आला?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. हात थंड होता, आणि तिला बाहेर बोलावेपर्यंत तिने तो उचलला नाही.

ताईला घरी यायला फार दिवस लागले. मधे ताप आले, दोनदा सगळ्यांनी धीर सोडला. घरी आल्यावर पहिल्या सकाळी भावोजींनी सवयीने कागद पुढे केला, तेव्हा तिने तो बाजूला सारला आणि चहा मागितला. बेकरीवाला पुन्हा सायकलवर बसला तो थंडी संपता संपता, पोटावरचा व्रण सांभाळत, सपाट रस्त्याने. भीती गेली का, असं बायकोने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "कुठली जाते. पण आता पुढे बसत नाही, मागच्या कॅरिअरवर बसते."